न घडलेला रविवार

स्टोक्केवोग गावच्या सभागृहात, गावघरात, त्या सोमवारी संध्याकाळी पाय ठेवायला जागा उरली नव्हती. दाराशी चिखलाच्या बुटांचा ढीग पडला होता आणि लोकरी मोज्यांतले साठ-सत्तर पाय लाकडी जमिनीवर बिनआवाज सरकत होते. सतरा मेच्या, राष्ट्रदिनाच्या मिरवणुकीच्या झेंड्यांची खोकी कोपऱ्यात रचली होती, उशिरा आलेले त्यांवरच टेकले. आत वाफल भाजून तयार होते, तपकिरी चीज कापून ठेवलं होतं, पण खायला कुणी उठेना. एरवी या गावातली माणसं शेजाऱ्याच्या दारात उभी राहिली तरी आधी 'त्रास तर नाही ना देत' म्हणून विचारतात. आज तीच एकमेकांच्या खांद्यांवरून माना काढून बघत होती.

समोर टेबलाशी पाच वर्षांची यूरिद बसली होती. जन्मल्यापासून तिनं एक शब्द उच्चारला नव्हता. शेजारी सिन्नोवे, पन्नाशीची, पांढऱ्या वेणीची, दोन हिवाळ्यांपूर्वी शहरातून इथं राहायला आलेली. तिनं यूरिदचं मनगट खालून अलगद तोलून धरलं होतं. पुढ्यात अक्षरांची पाटी होती. यूरिदचं बोट एकेका अक्षरावर टेकत होतं आणि सिन्नोवे मोठ्यानं वाचून दाखवत होती.

"मी काही करत नाही," सिन्नोवे लोकांना सांगत होती. "मी फक्त पूल आहे. पलीकडून काय येतं त्याच्याशी पुलाचा काय संबंध? शब्द तिचे आहेत. आत ती पूर्ण शहाणी आहे, शरीर तेवढं तिचं ऐकत नाही. फक्त कुणी मनात शंका आणू नका. शंकेनं तिचा हात जड होतो."

हात जड झालाच तर तो उचलायला सिन्नोवे होतीच म्हणा. पण हे त्या दिवशी कुणाला सुचलं नाही.

पाटीवर आलं ते असं होतं: 'रविवारी आम्ही फेरीबोटीनं आजीकडे गेलो. मी कोकराला बाटलीनं दूध पाजलं. आई खूप दिवसांनी हसली. आई, मला सगळं कळतं.'

किराणा दुकानवाली ऑउड हुंदके देऊ लागली. मासेमारी करणारे दोन धिप्पाड भाऊ छताकडे बघायला लागले. यूरिदच्या आईच्या, तोरुनच्या, डोळ्यांतही पाणी आलं, गालांपर्यंत उतरलं आणि तिथंच थांबलं. कारण रविवारी ती माणसं आजीकडे गेलीच नव्हती.

रविवारी धाकट्या आस्लाकचा कान दुखत होता. दीड वर्षाचं पोर एकोणचाळीस अंश तापानं फणफणलेलं, सबंध दिवस तोरुनच्या काखेत. तिचा नवरा आयविंद समुद्रातल्या तेलविहिरीवर होता, तिकडचे दोन आठवडे संपायला अजून नऊ दिवस होते. यूरिदनं न्हाणीघरातला नळ दोन तास उघडला आणि बंद केला, आणि तोरुननं तिला करू दिलं. हसण्यासारखं त्या घरात काही घडलं नव्हतं.

मग ते कोकरू आलं कुठून? कुणीतरी हातात दिलेली वाफलची ताटली तशीच धरून तोरुन उभी राहिली आणि तिला ते आठवलं. कोकरू तिच्याच पेनातून आलं होतं.

न बोलणाऱ्या मुलांच्या दप्तरात बालवाडी एक निरोपवही देते. घरी काय झालं ते आईबापांनी लिहायचं, शाळेत काय झालं ते बाईंनी. सोमवारची सकाळ कशी जाते हे दोन लहान मुलं असलेल्या बाईला सांगायला नको. म्हणून शनिवारी, आस्लाक बाहेर बाबागाडीत झोपला असताना, तोरुननं रविवारचं पान आधीच लिहून टाकलं होतं: फेरीबोट, आजी, कोकरू, दुधाची बाटली, आणि शेवटी 'खूप दिवसांनी खूप हसलो'. निदान वहीत तरी एक रविवार बरा जावा, असं तिला वाटलं असेल. मग ताप चढला, बेत मोडला, आणि ते पान खोडायचं राहून गेलं. सोमवारी वही बालवाडीत गेली. सिन्नोवे दर सोमवारी दुपारी यूरिदबरोबर तासभर बसायची, आणि बसण्याआधी वही वाचायची.

तोरुन घरी आली, मुलांना जेवू घातलं, आणि कुणाला काही बोलली नाही. मुलं काय, कल्पनाही करतात, असं तिनं स्वतःला समजावून पाहिलं. माणूस दमला की अशी समजूत लवकर पटते.

पण ते तसं सोडून देण्यासारखं नव्हतं. गुरुवारी यूरिदला जिल्ह्याच्या मोठ्या दवाखान्यात दाखवायचं होतं. वाढ, कान, बोलणं, सगळं एकाच दिवशी तपासणार होते. अकरा महिने वाट पाहून मिळालेला नंबर. येणार की नाही ते बुधवारी दुपारी बारापर्यंत कळवा, नाहीतर नंबर दुसऱ्या मुलाला जाईल, असं दवाखान्याच्या पत्रात लिहिलं होतं. आणि गेल्या आठवड्यात पाटीवर आलं होतं: 'दवाखान्यात नको. मी आजारी नाही. चित्रांची कार्डं बाळांना द्या, माझा अपमान होतो.' त्या दिवशी तोरुननं शरमेनं ती कार्डं स्वयंपाकघरातल्या खणात टाकली होती. हवं त्या वस्तूचं चित्र दुसऱ्याच्या हातात द्यायचं, हे वर्षभर बालवाडीतल्या बाईंनी यूरिदला जीव तोडून शिकवलं होतं.

आणि आयविंद. पाटीवरून उतरवलेल्या पहिल्या पत्रात 'बाबा, तू गेलास की मला घर मोठं वाटतं' असं आलं, तेव्हा तो फोनवर इतका रडला की तोरुनला त्याचा आवाज ओळखू येईना. हे सगळं खोटं निघालं तर त्याला काय सांगायचं?

मंगळवारी ती आस्लाकचा कान दाखवायला आरोग्य केंद्रात गेली. तिथली नर्स बोर्गहिल्ड निवृत्तीला आली होती. तीस वर्षं गावातलं प्रत्येक पोर तिच्या काट्यावर वजन करून घेऊन गेलं होतं, तोरुनसुद्धा. आस्लाकच्या कानात बघता बघता ती म्हणाली, "काल गावघरात मोठा सोहळा झाला म्हणे. मग तू अशी का दिसतेस, मयताला जाऊन आल्यासारखी?"

तोरुननं सगळं सांगितलं. वहीचं सांगताना तिची मान खाली गेली, पण बोर्गहिल्डनं त्यावर काही टोमणा मारला नाही. तिनं वेगळंच विचारलं.

"शाळेत असताना पेला फिरवला होतास?"

फिरवला होता. सगळ्यांनीच फिरवला होता. डोंगरातल्या लाकडी घरात, गोल मांडलेली अक्षरं, मधे उपडा पेला, त्यावर चौघींची बोटं, आणि कुणाची तरी मेलेली पणजी एकेक अक्षर दाखवत होती.

"कोण ढकलत होतं?"

"कुणीच नाही."

"आणि फिरत तर होता."

तोरुन हळू आवाजात म्हणाली, "म्हणजे सिन्नोवे लबाड आहे?"

"पेला फिरवताना तू लबाड होतीस का? माणूस मनात एखादं अक्षर धरून बसलं की हात त्याच्याकडे जातो, आणि ज्याचा हात त्यालाच कळत नाही. बरं, एक सांग. लिहिताना यूरिद बघते कुठे?"

तोरुनला सगळे सोमवार आठवले. "दिव्याकडे. नाहीतर खिडकीकडे."

"एका बोटानं, पाटीकडे न बघता! मी तीस वर्षं अहवाल टाइप करतेय, मला अजून जमत नाही." बोर्गहिल्डनं आस्लाकच्या कानाचे थेंब लिहून दिले. "उद्या सकाळी दहा मिनिटं काढ. खरं असेल तर टिकेल. खऱ्याला दहा मिनिटांत काही होत नाही."

सिन्नोवेला चाचणीचा निरोप गेला तेव्हा ती आनंदानं हो म्हणाली. गावाची खात्री पटली तर चांगलंच, असं तिचं म्हणणं. तोरुनला वाटलं होतं ती टाळाटाळ करील. तिनं केली नाही याचंच तोरुनला जास्त वाईट वाटलं.

बुधवारी सकाळी तोरुनच्या स्वयंपाकघरात तिघी बसल्या, यूरिद मधे. बोर्गहिल्डनं एक पुठ्ठ्याची फाइल टेबलावर उभी केली, म्हणजे यूरिदसमोरचं चित्र सिन्नोवेला दिसू नये आणि सिन्नोवेसमोरचं यूरिदला. "दोघींनाही एकेक चित्र दाखवीन," ती म्हणाली. "कधी सारखं असेल, कधी नसेल. यूरिदनं तिच्या बाजूला काय आहे ते लिहायचं. कबूल?" सिन्नोवेनं मान डोलावली आणि यूरिदचं मनगट उचललं.

पहिली दोन चित्रं दोन्हीकडे सारखी होती. पाटीवर 'कप' आलं, मग 'घर' आलं. दोन्ही बरोबर. सिन्नोवेनं तोरुनकडे बघून हसून घेतलं.

तिसऱ्या वेळी यूरिदपुढे बूट होता आणि सिन्नोवेपुढे होडी. पाटीवर 'होडी' आलं. चौथ्या वेळी यूरिदपुढे किल्ली, सिन्नोवेपुढे मांजर. पाटीवर 'मांजर'. मग सफरचंदाऐवजी 'खुर्ची' आली, चेंडूऐवजी 'मासा'. शेवटी बोर्गहिल्डनं यूरिदपुढे फुलाचं चित्र ठेवलं आणि सिन्नोवेपुढे कोरा कागद. बोट पाटीवर इकडून तिकडे फिरलं, अडखळलं, आणि टेबलावर खाली आलं.

बोर्गहिल्डनं सगळी चित्रं जोडीजोडीनं टेबलावर मांडली. सिन्नोवे बघत राहिली. तिच्या मानेवर लाल चट्टे उठले, पण तोंड अजून चालू होतं.

"ती माझ्या मनातलं वाचते," ती म्हणाली. "ही तर त्याहून मोठी गोष्ट आहे."

"मग आईच्या मनातलं वाचू दे की," बोर्गहिल्ड म्हणाली. "आई शेजारीच बसलीय. रविवारी खरं काय झालं ते लिहू दे."

सिन्नोवेनं मनगट धरलं. बोट हललं नाही. यूरिद आपली दिव्याकडे बघत होती.

"आजीकडे आम्ही गेलोच नाही," तोरुन म्हणाली. "कोकरू, बाटली, माझं हसणं, सगळं मीच लिहिलं होतं. शनिवारी, रविवार यायच्या आधी. तू वाचलंस आणि तिच्या बोटातून मलाच परत दिलंस."

सिन्नोवे आपल्याच हाताकडे बघत बसली. "मी ढकलत नव्हते," ती पुटपुटली. "मला कळलं असतं." तिच्या बोलण्यात आता सभेतला सूर नव्हता. तोरुनला तिचा राग यायला हवा होता, पण रागवायलाही अंगात काहीतरी शिल्लक लागतं. आपल्याला कुणी फसवलं यापेक्षा 'आई, मला सगळं कळतं' हे वाक्य आता कुणाचंच उरलं नाही, हेच तिला जास्त लागलं. चार महिने ती त्या वाक्यांवर जगली होती. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, आणि काडी कुणी धरलीय हे बुडणारा बघत नाही.

मनगट सुटलं तशी यूरिद खुर्चीवरून उतरली. तिनं स्वयंपाकघराचा वरचा खण ओढला, चमचे खळाखळा बाजूला सारले, कार्डांचा गठ्ठा बाहेर काढून जमिनीवर पसरला. बसून एकेक कार्ड उलटून पाहिलं. या वेळी ती दिव्याकडे बघत नव्हती, कार्डांकडे बघत होती. मग एक कार्ड उचलून आईकडे आली आणि तिच्या मुठीत कोंबलं. कोंबल्यावर आईचा हात धरून हलवलाही.

नळाचं चित्र होतं.

तोरुननं नळ सोडला. यूरिद पाण्याखाली हात धरून उभी राहिली, आणि तोरुन भिंतीला टेकून ओक्साबोक्शी रडली. बोर्गहिल्ड म्हणाली, "रड. पण बाराच्या आत दवाखान्यात फोन कर." तोरुननं केला, आणि उद्या नक्की येतोय असं सांगितलं.

संध्याकाळी आयविंदचा फोन आला. आज काय लिहिलं, त्यानं नेहमीसारखं विचारलं. तोरुननं सगळं पहिल्यापासून सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे मी गेलो की तिला घर मोठं वाटतं की नाही, आपल्याला माहीत नाही."

"नाही माहीत," तोरुन म्हणाली. "तिला नळ हवा असतो, एवढं आज कळलं."

गुरुवारच्या तपासणीत चमत्कार झाला नाही. कान ठीक होते. बोलणं येईल की नाही, सांगता येत नाही म्हणाले. कार्डं मात्र बंद करू नका, वाढवा, असं दोनदा बजावलं.

शनिवारी दुकानात ऑउडनं तोरुनला थांबवलं. गावात बातमी पसरलीच होती. "पण किती सुंदर होतं गं ते," ऑउड म्हणाली. "काय बिघडलं असतं तसंच चालू राहिलं तर?"

तोरुन दमलेली होती, तरी तिनं पिशवी खाली ठेवली. "माझ्या पोरीच्या नावानं मी दवाखाना रद्द करणार होते, ऑउड. तिला बोलायला येत होतं तेवढं मी खणात बंद करून ठेवलं होतं, कारण दुसरं बोलणं जास्त गोड होतं. कुणी म्हणालं की मी तुझ्या मुलाचा आवाज आहे, तर त्याला एकच सांग. तुला माहीत नसलेलं काही मुलाकडून काढून दाखव. दहा मिनिटं लागतात. खरं असेल तर काहीच जात नाही. आणि खोटं असेल तर मूल परत मिळतं."

रविवारी ते खरोखर फेरीबोटीनं आजीकडे गेले. निरोपवहीतलं पान तोरुननं परत आल्यावर लिहिलं, आस्लाकला मांडीवर घेऊन, वाकड्यातिकड्या अक्षरांत:

'आजीकडे गेलो. कोकराला दूध पाजलं नाही. कोकरू ओरडलं तेव्हा यूरिदनं कान झाकले आणि मला "पुरे"चं कार्ड आणून दिलं. मग आम्ही लवकर निघालो. हात कुणी धरला नव्हता.'