प्लायवुडच्या गोदामातलं फ्रेंच नाटक

आमच्या दिग्दर्शकाला आम्ही पाठीमागे ‘क्रांती’ म्हणायचो. त्याचं प्रत्येक नाटक ही क्रांती असायची आणि प्रत्येक क्रांतीला तीस-पस्तीस माणसं यायची, त्यातली निम्मी आमची नातेवाईक. माणूस चाळिशीचा. तालमीला सगळ्यात उशिरा यायचा आणि आल्याआल्या शिस्तीवर बोलायचा.

या खेपेस त्यानं साडेतीनशे वर्षांपूर्वीचं एक फ्रेंच विनोदी नाटक काढलं. गोष्ट साधी. एका श्रीमंत माणसाला वाटतं, आपण थोर कवी आहोत. दोन ऐतखाऊ त्याच्या कवितांची वाहवा करत त्याच्याच घरात ठाण मांडून बसतात. मोलकरीण तेवढी खरं बोलते आणि रोज शिव्या खाते.

“हे आजचं करायचं,” क्रांती म्हणाला. आजचं करायचं म्हणजे काय, तर विग गेले आणि हेडफोन आले. चिठ्ठ्यांच्या जागी व्हॉइस मेसेज आणि कवितांच्या जागी मोबाइलवरचे व्हिडिओ. शिवाय जिथे म्हणून लोक हसण्याची शक्यता होती, तिथे तिथे क्रांतीनं एक मोठी घंटा वाजवायचं ठरवलं. “हसलं की माणूस सुटतो. मला प्रेक्षकाला सुटू द्यायचं नाही.” प्रेक्षक पहिल्या अंकातच चपला शोधायला लागतो, हे त्याच्या कानावर घालायची कोणाची छाती नव्हती.

मोलकरीण मी. दिवसा मी चष्म्याच्या दुकानात असते. लोकांच्या नाकावर फ्रेम बसवते आणि “तुम्हाला अगदी शोभून दिसतेय” असं दिवसातून चाळीस वेळा म्हणते. खरं बोलणाऱ्या बाईची भूमिका मलाच का दिली, ते क्रांतीलाच माहीत.

आम्हाला कुठलंही नाट्यगृह दारात उभं करत नव्हतं. जागा मिळाली ती एका प्लायवुडच्या व्यापाऱ्याच्या गोदामाचा वरचा मजला. खाली फळ्यांच्या थप्प्या, वर आम्ही, आणि सगळीकडे सरसाचा वास. व्यापारी अडुसष्ट वर्षांचे, आम्ही त्यांना काका म्हणायचो. जागेचा एक पैसाही त्यांनी मागितला नाही. अट एकच होती : “मला काम द्या. मोठं द्या.”

क्रांतीनं त्यांना थेट श्रीमंत माणसाचीच भूमिका दिली. काका जिना उतरून गेल्यावर तो आम्हाला म्हणाला, “असा माणूस शोधून सापडला नसता. ह्याला अभिनय करायची गरजच नाही.” आणि डोळा मारला. सगळे हसले. मीही हसले. हे आत्ताच सांगून टाकते, नाहीतर तुम्हाला वाटायचं ही एकटी धुतल्या तांदळासारखी.

काका वाक्यं म्हणायचे ती गिऱ्हाइकाला माल दाखवल्यासारखी. एक हात कायम खिशात, नजर आढ्याकडे. आणि तरी रोज तालीम संपली की वाहवा सुरू व्हायची, कारण जागा हातची जायला नको होती. ऐतखाऊंची कामं करणारे दोघेजण त्यात पटाईत. एक कॉलेजात शिकवायचा, त्याला आम्ही प्राध्यापक म्हणायचो, आणि दुसरा बँकेतला लांब्या. “काका, काय टायमिंग आहे!” प्राध्यापक म्हणायचा. लांब्या तर एकदा पायाच पडला. मीही मागे राहिले नाही. छातीवर हात ठेवून म्हणाले, “काका, तुमच्या आवाजात काहीतरी आहे. अंगावर काटा येतो.” काका मान खाली घालून हसायचे आणि सगळ्यांसाठी चहा मागवायचे. चहा पिऊन आम्ही कोपऱ्यापर्यंत पोचलो की लांब्या एक हात खिशात घालायचा, आढ्याकडे बघायचा, आणि आम्ही हसून हसून लोळायचे बाकी राहायचो.

दोन महिने हे असं चाललं.

पहिला प्रयोग रविवारी दुपारी चारला. चाळीसेक माणसं होती. पहिले दोन अंक क्रांतीच्या मनासारखे झाले, म्हणजे कोणीही हसलं नाही. घंटा वाजली की एक बाळ रडायचं, तेवढाच काय तो प्रतिसाद. काका तालमीत होते तसेच.

मध्यंतरात काकू मागे आल्या. हातात पाण्याची बाटली आणि रक्तदाबाची गोळी. काका खाली तोंड धुवायला गेले होते. काकूंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“तू ती काटा येणारी ना गं?”

“म्हणजे?”

“अगं, हे घरी आले की तुमच्या सगळ्यांच्या नकला करून दाखवतात. तो प्राध्यापक, तो पाया पडणारा उंच मुलगा. आम्ही जेवता जेवता हसतो. पण तुझी नक्कल सगळ्यात भारी जमते बाई त्यांना. छातीवर हात ठेवतात ना, तर मला ठसकाच लागतो.”

माझे कान तापले. “काकू, म्हणजे काकांना माहीत…”

“चाळीस वर्षं धंदा केलाय त्यांनी. कोणी गोड बोलायला लागलं की ते आधी गोदामाचं कुलूप बघतात.”

“मग इथे कशाला येतात?”

“लहानपणापासून नाटकात काम करायचं होतं. कोणी घेतलंच नाही.” त्यांनी गोळी माझ्या हातावर ठेवली. “एवढी दे त्यांना. मी जाऊन बसते, नाहीतर जागा जायची.” बाहेर चाळीस माणसांना शंभर खुर्च्या होत्या.

तिसरा अंक सुरू झाला. यात दोघे ऐतखाऊ श्रीमंत माणसाचा नवा व्हिडिओ बघून त्याला आभाळाला पोचवतात आणि तो फुलून जातो. लांब्या आणि प्राध्यापक सुरू झाले. पण काका फुलले नाहीत. त्यांनी खिशातला हात बाहेर काढला, खुर्चीत मागे रेलले आणि दोघांकडे आळीपाळीनं बघायला लागले. एकेक खोटा शब्द ओळखीच्या पाहुण्यासारखा येत होता आणि काका त्याला बसायला जागा देत होते. त्यांना सगळं कळत होतं, आणि कळूनही ते हवं होतं. ते दोन्ही त्यांच्या चेहऱ्यावर एकाच वेळी दिसलं.

कोणीतरी हसलं. मग सगळेच हसायला लागले. क्रांती घंटेची दोरी धरून उभा होता, पण त्याचा हात काही हलला नाही. लांब्याला घाम फुटला.

माझी वेळ आली. मी पुढे होऊन म्हणाले, “मालक, हे खोटं बोलतायत.”

यावर त्यांनी माझ्या अंगावर ओरडायचं होतं. ते ओरडले नाहीत. माझ्याकडे बघत, अगदी हळू, लाडानं म्हणाले, “तुला काय कळतं?”

वाक्य नाटकातलंच होतं, एक अक्षरही बदललेलं नव्हतं. पण मी माझं पुढचं वाक्य विसरले. प्राध्यापकानं कसंबसं सावरून घेतलं. शेवटी लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या, आणि त्या नातेवाइकांच्या टाळ्या नव्हत्या.

नंतर क्रांती एका वर्तमानपत्रवाल्याला बाजूला घेऊन सांगत होता, “ती जी जाणीव आहे ना त्यांच्या चेहऱ्यावर, ती मी दोन महिने खणून काढलीय. नवखा माणूस, दगडच होता.” लांब्या आणि प्राध्यापक शेजारी उभे राहून माना डोलावत होते. वर्तमानपत्रवाला लिहून घेत होता.

काका एकटेच खाली गोदामात, फळ्यांच्या थप्पीवर बसून बूट काढत होते. मी जिना उतरून त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. दोन महिन्यांत पहिल्यांदाच मला काहीतरी खरं सांगायचं होतं.

“काका, आज तुम्ही फार सुंदर काम केलंत. मी असं कधी पाहिलं नव्हतं.”

त्यांनी मान खाली घातली आणि हसले. तसेच, रोजच्यासारखे.

“खरंच सांगतेय, काका.”

“हो गं पोरी,” ते प्रेमानं म्हणाले. “चहा मागवू?”