दस्त्यावरचे सहावे फूल

मी एक जुना बंदुकीचा दस्ता आहे. म्हणजे शिकारी जो लाकडी भाग खांद्याला टेकवतो आणि ज्यावर गाल ठेवून नेम धरतो, तो. मित्रांनो, बंदुकीचे कौतुक करताना सगळे नळीचेच करतात. बार उडाला की नाव तिचे होते आणि धक्का मात्र माझ्या अंगातून जातो. मी कधी तक्रार केली नाही. करून सांगणार तरी कोणाला?

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथे मला गडद तपकिरी रंग दिला, वर चकचकीत रोगण फासले, आणि दुकानात माझी ओळख ‘अक्रोडाचा दस्ता’ अशी करून दिली. पुढे कितीतरी वर्षे मीही स्वतःला अक्रोडच समजत होतो. बीच नावाच्या झाडाच्या साध्या, स्वस्त लाकडाकडे मी नाक मुरडून पाहायचो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे माझी चांगलीच जिरणार आहे.

नायदेनने मला घेतले तेव्हा तो तरणाबांड होता. बाल्कन डोंगराच्या उतारावरच्या ओरेशका गावात तो जंगलातून ओंडके वाहायचा, आणि थंडीत गावच्या टोळीबरोबर रानडुकरांच्या शिकारीला जायचा. हाकारे खालून ओरडत यायचे आणि नायदेन वर खिंडीत, एका खडकाआड वाट बघत उभा राहायचा. बर्फात त्याचा गाल माझ्यावर टेकला की त्याची ऊब मला लागे. जे काम मी केले त्याचा अभिमान धरावा की नाही, हे मला अजून ठरवता आलेले नाही. पण तो गाल मला आवडायचा, एवढे खरे. संध्याकाळी मांसाचे वाटे पडत, राकियाचे, म्हणजे फळांच्या कडक दारूचे, पेले भरत, आणि टोळीतला कोणीतरी मला थोपटून म्हणे, “नायदेन, तुझी बंदूक घरजावयासारखी आहे बघ. गप्प राहते आणि वेळेला कामाला येते!”

मग नायदेनची बायको वारली आणि त्याचे कशात लक्ष राहिले नाही. तो शिकारीला जायचा, पण आल्यावर मला पुसायचा नाही. माझ्या अंगावर पोचे पडले, रोगणाचे पोपडे निघाले. लोखंडी कपाटात उभा राहून मी नुसता वाट बघायचो.

एका ऑगस्टच्या शेवटी, गावात घरोघर ढोबळ्या मिरच्या भाजायला बसतात त्या दिवसांत, नायदेनच्या पोटातले दुखणे उसळले. त्याला शहरातल्या इस्पितळात नेले. त्याची एकुलती एक मुलगी विहरा धावत आली. विहरा लाकडावर चित्रे काढते. रंगाने नव्हे, विजेवर तापणाऱ्या लेखणीने, लाकूड जाळून. तिच्या भाजी चिरायच्या फळ्या आणि डबे जत्रांत हातोहात जातात.

नायदेनने खाटेवरूनच तिला कपाटाची किल्ली दिली. “बंदुकीला गंज चढला असेल, तेल दे. ऑक्टोबरात मी खिंडीत उभा राहणार. आणि शिकारी कुत्रीचं एक पिल्लू सांगून ठेवलंय, तेही बघून ये. शिकवायला दोन वर्षं लागतील, पण असा कुत्रा गावात नसेल.”

विहराने मनाशी ठरवले, की बाबा घरी येतील तेव्हा बंदूक अशी दिसली पाहिजे की तिच्यासाठी तरी ते अंथरुणातून उठतील. तिने स्क्रू काढून मला सोडवले. नळी कपाटात राहिली आणि आयुष्यात पहिल्यांदा मी एकटा अंगणात आलो. तिने जुने रोगण खरवडले. पोच्यांवर ओले फडके ठेवून वरून तापलेली इस्त्री टेकवली, तेव्हा वाफेने माझे दबलेले अंग फुगून वर आले. मग पॉलिशपेपर. तपकिरी रंग गेला आणि खालून मी निघालो फिकट, गोरा.

“अगं बाई, हा तर बीच!” विहरा हसत सुटली. “आणि बाबा जन्मभर अक्रोड म्हणून मिरवले!”

माझी जिरली ती अशी. पण फिकट लाकडावर जळालेली रेघ उठून दिसते, आणि विहराला तेच हवे होते. तिने पेन्सिलीने माझ्या पोटावर रानगुलाबाची एक फांदी काढली. तिची आई त्याच रानगुलाबाच्या बोंडांचा चहा करून शिकारीहून आलेल्या नायदेनला पाजायची. फांदीवर पाच फुले. मग लेखणी तापवून ती जाळायला बसली. चटका बसायचा, पण हात इतका हलका की मला त्याचे काही वाटले नाही.

पाचही फुले झाली होती. ती शेवटचे पान काढत होती तेवढ्यात फोन वाजला. तिने तो कानाशी खांद्याने दाबून धरला. लेखणी माझ्यावर तशीच होती.

“हो, मुलगीच बोलतेय, डॉक्टर... म्हणजे गाठ काढलीच नाही? नुसतं पोट उघडून पाहिलं आणि शिवलं?... नाताळपर्यंत?... नको, त्यांना नका सांगू. खडे होते म्हणा. आम्ही घरातलेही सांगणार नाही.”

मित्रांनो, लेखणी जागची हलली नाही. मी आतपर्यंत जळत गेलो. धूर तिच्या डोळ्यांत गेला तेव्हा तिने हात उचलला. तिथे एक काळा, खोल डाग पडला होता. तिने तो घासून पाहिला, पण तो निघण्यातला नव्हता. मग ती रडली. आणि रडता रडताच त्या डागाभोवती तिने पाच पाकळ्या काढल्या. आपण काय करतो आहोत याचे तिला भान नव्हते. डाग झाकला गेला, एवढेच तिने पाहिले. खरे सांगायचे तर सगळ्यांत सुंदर फूल तेच झाले.

दुसऱ्या दिवशी तिने मला जवसाचे तेल चोळले आणि वाळायला ठेवले. शेजारच्या अंगणातून तिची मावशी गेना मिरच्यांच्या सालींनी काळे झालेले हात पुसत आली. तिने मला पाहिले आणि तिचा चेहरा उतरला.

“विहरा, फुलं मोज.”

“का गं मावशी?”

“मोज म्हणते ना!”

विहराने बोट ठेवत मोजली. सहा.

“सहा! जोडीची, सम आकड्याची फुलं थडग्यावर नेतात, भवाने! जित्या माणसाला कधी देतात का? तुझ्या आईला मूठमाती दिली तेव्हा तूच सहा नेली होतीस. शेंबडं पोरही चुकत नाही यात!”

विहराने सहाव्या फुलावर बोट ठेवले. “काल डॉक्टरांचा फोन आला होता, मावशी.” मग तिने सगळे सांगितले.

गेनाने छातीवर क्रूस काढला. तिचा आवाज एकदम खाली आला. “दाजींना बोलली नाहीस ना? बोलू नकोस. आजाराचं नाव ऐकूनच माणूस आधी मरतो. तू सातवं फूल काढ. आत्ताच.”

“तेल ओलं आहे. आत्ता लेखणी लावली तर नुसता धूर होईल. वाळू दे.”

पण तेवढा वेळ मिळाला नाही. फाटकापाशी शेजाऱ्याची गाडी थांबली. इस्पितळाने नायदेनला ठरल्या दिवसाआधीच घरी सोडले होते.

तो वाळून काटकी झाला होता. गेनाने घाईघाईने आपला एप्रन माझ्यावर टाकला.

“काय लपवतेस गेना? बाटली असेल तर आधी मला दे,” नायदेन म्हणाला आणि त्याने एप्रन ओढला. मला उचलून त्याने इकडून तिकडून पाहिले. “हा माझा? पांढरा फटक पडलाय की, माझ्यासारखा!”

“बीच निघाला, बाबा.”

“बीच? तो दुकानदार नरकात गेला असेल, नक्की!”

तो मनापासून हसला. त्याचा अंगठा फांदीवरून फिरू लागला. शेवटच्या फुलापाशी तो थांबला, पुन्हा पहिल्यापासून आला, आणि त्या खोल जागेत रुतून बसला.

“विहरा, ही सहा आहेत.”

“चुकून झालं. डाग पडला, तो झाकायला...”

“शाळेत असल्यापासून तू जोडीत फुलं काढली नाहीस. डाग कसा पडला?”

“फोन आला होता.”

“दाजी, सूप घ्या आधी, गार होतंय,” गेना मध्येच म्हणाली.

“गेना, तू गप्प बस. फोन कोणाचा?”

विहराला खोटे बोलता येईना. “डॉक्टरांचा.”

नायदेनने बसून मला मांडीवर घेतले. मग त्याचा आवाज चढला. “मला म्हणाले, खडे होते! आणि मी खाटेवर पडून पिल्लाचं नाव ठरवत बसलो होतो! डॉक्टरला ठाऊक, गेनाला ठाऊक, या ओंडक्यालासुद्धा ठाऊक! फक्त ज्याचं पोट, त्याला पत्ता नाही!”

“मला वाटलं तुम्ही घाबराल, बाबा.”

“घाबरणारच! पण भीती माझी आहे ना? मग मला दे ती. दिवस माझे आहेत, तेही दे. बस इथे, आणि डॉक्टर काय म्हणाले ते त्यांच्याच शब्दांत सांग.”

विहराने सांगितले. एकही शब्द गाळला नाही. गेना एप्रनमध्ये तोंड लपवून रडत होती. नायदेनने मला मांडीवर घट्ट धरले होते.

माझ्या अंगातले तेल वाळले तेव्हा विहरा लेखणी घेऊन आली. “सातवं काढते.”

“काढून काय होणार? माझं पोट फसणार आहे का?” नायदेन म्हणाला. “ते राहू दे. मला खिंडीत ने.”

“हंगाम सुरू नाही झाला. बंदूक दिसली तर पकडतील.”

“बंदूक कोण नेतंय? लाकूड नेतोय मी. लाकूड घेऊन डोंगरात जायला कोणाची बंदी आहे?”

शेजाऱ्याने सकाळीच आम्हाला जीपने शक्य तेवढे वर नेऊन सोडले. पुढे विहराने त्याला धरून चालवले. खडकाआड बसल्यावर त्याने मला खांद्याला लावले. माझ्या पुढे नळी नव्हती, नुसती हवा होती. त्याचा गाल माझ्यावर टेकला. हाड लागत होते आणि पूर्वीची ऊब राहिली नव्हती.

“ठो,” तो हळूच म्हणाला.

विहराला हसू फुटले. तोही हसला, आणि हसता हसता रडू लागला. त्याने तोंड फिरवले नाही.

“भीती वाटते गं, विहरा.”

“मलाही, बाबा.”

मग ती दोघे बोलत बसली. पिल्लू कोणाला द्यायचे, प्लेव्हन शहरातल्या बहिणीशी त्याने धरलेला अबोला कसा सोडायचा, बायकोच्या शेजारची जागा. जन्मभरात जेवढा बोलला नसेल तेवढा तो त्या सकाळी बोलला. मी त्याच्या मांडीवर होतो.

बहीण आली. भांडली, रडली, आणि त्याला हाताने भरवून गेली. नायदेनला नाताळ दिसला नाही, शिकारीचा पहिला दिवसही दिसला नाही. मालक गेल्यावर नळी पोलिसांच्या कोठारात जमा झाली. मी लाकूड, म्हणून मला कोणी मागितले नाही. आता मी विहराच्या कामाच्या खोलीत फळीवर असतो. माझ्यावर धूळ बसली आहे. सहाव्या फुलापासून एक बारीक चीर निघाली आहे, कारण तिथे लाकूड खोलवर जळून कोरडे पडले. विहरा तेलाची बाटली घेऊन येते, मला हातात धरते आणि तेल न लावताच परत ठेवते. मी समजून घेतो.

मित्रांनो, घरातल्या जुन्या लाकडाला वर्षातून एकदा तरी तेल द्या, नाहीतर ते आतून फुटते. आणि आपल्या माणसाला सांगायची गोष्ट कितीही कडू असली तरी त्याच्याजवळ बसून ती आपणच सांगा. मी लाकूड. मला जे बोलता आले, ते जळूनच बोलता आले. तुम्हाला तोंड आहे.