पिवळ्या विजेची खूण

मी एक चिमुकला संगणक बोलतोय. पत्त्यांच्या कॅटाएवढा, एकाच हिरव्या पट्टीवर माझा सगळा संसार.

मला पाच व्होल्ट वीज लागते. ती बरीच घसरली, की पडद्याच्या कोपऱ्यात मी पिवळ्या विजेची खूण काढतो. उपाशी आहे, एवढंच सांगतो. माणसं भुकेनं घर डोक्यावर घेतात. मी तेवढंही करत नाही.

मालकानं मला त्याच्या आईसाठी आणलं. कंबरेचं हाड मोडून ती अंथरुणाला खिळली होती. तिनं उशाजवळचं बटण दाबलं, की मी वरच्या मजल्यावर भोंगा वाजवायचा आणि वेळ नोंदवायची. कल्पना झकास! पण मला जोडलं मोबाईलच्या जुन्या, मरतुकड्या चार्जरला. पहिल्या दिवशी भोंगा दोनदा वाजला, म्हणून मालक खूश.

"अहो, हे पिवळं काय येतंय?" सुनेनं विचारलं.

"काही नाही गं, उगाच कटकट." त्यानं सेटिंगमध्ये जाऊन खूणच बंद केली. ताप उतरत नाही म्हणून थर्मामीटर फोडावा, तसं.

भोंग्याला वीज जास्त लागते. हळूहळू बटण दाबताच मी कोसळू लागलो आणि मिनिटभरानं उठू लागलो. दाबल्याची नोंद करायला मी शुद्धीवर होतो कुठे?

एका सकाळी आईनं चारदा बटण दाबलं. कोणी आलं नाही. चादर ओली झाली.

"तू दाबलंच नाहीस. ही बघ यादी, कोरी आहे."

"अरे, चारदा दाबलं रे!"

"मशीन कशाला खोटं बोलेल, आई?"

त्या यादीखाली माझी दुसरी यादी होती. दर वेळी शुद्धीवर आल्यावर मी तिच्यात लिहिलं होतं, चारदा : वीज कमी. ती त्यानं उघडलीच नाही.

आठवडाभर हेच चाललं. शेवटी ती म्हणाली, "नसेल दाबलं, बाबा. माझंच डोकं ठिकाणावर नाही." मुलगा जणू याचीच वाट पाहत होता. चार दिवसांत तिला वृद्धाश्रमात ठेवलं.

आता मी दिवाणखान्यात गाणी वाजवतो. एक गाणं मध्येच तुटलं, तर मालकानं त्याच दिवशी नवा अडॅप्टर आणला. माझं पोट भरलंय आणि मला त्याची लाज वाटते.

तुमच्यापैकी कोणी तिकडे गेलात, तर त्या आजींना एवढं सांगा : बटण तुम्ही दाबलं होतं. दर वेळी दाबलं होतं.