कट्यारीवरचं लिंबू

माझ्या भावाच्या हळदीत सम्यकच्या पोटात कट्यार गेली, आणि भांडणाचं कारण काय, तर पोर्तुगालचा फुटबॉल. मांजर्लीच्या आमच्या आळीत एकालाही पोर्तुगाल नकाशावर दाखवता येणार नाही. बांधावरून डोकी फुटलेली मी पाहिली आहेत, डीजेच्या आवाजावरूनही पाहिली आहेत. पण लिस्बनच्या दोन क्लबांवरून माणूस मरणाच्या दारात गेलेला आमच्या गावाने पहिल्यांदाच पाहिला.

याचं मूळ उल्हासनगरात आहे. सम्यक तिथे पाच नंबर कॅम्पातल्या एका कारखान्यात जर्सी शिवतो. मागे कधीतरी एका ऑर्डरचा माल छपाई तिरकी आली म्हणून परत आला, अर्धा लाल, अर्धा हिरवा. सेठ म्हणाला, "ले जाओ साईं, पोछा मारने के काम आएगा." सम्यकने गठ्ठा टर्फवर, ही पोरं फुटबॉल खेळायची तिथे, आणला आणि तिथल्याच त्याच्या जिगरी मित्राशी, माझ्या भावाशी, कल्पेशशी, नाणं उडवलं. लाल सम्यकला गेला, हिरवा कल्पेशला. मग या जर्सी आहेत तरी कुणाच्या म्हणून त्यांनी मोबाइलवर शोधलं. लाल म्हणजे बेनफिका, हिरवी म्हणजे स्पोर्टिंग, दोन्ही लिस्बनच्याच आणि एकमेकींच्या जन्माच्या वैरिणी. त्या दिवसापासून हे दोघे असे भांडायचे, की जणू आजोबांनी इस्टेटीत क्लबच ठेवलाय.

भांडायचे आणि एका ताटात जेवायचे. सम्यक अंबरनाथला शिवमंदिराच्या बाजूला राहतो, आईबरोबर. बौद्ध घर, राखीबिखी त्याच्या आईला, चांगुणाबाईंना, पटत नाही. तरी तो दरवर्षी माझ्याकडून राखी बांधून घ्यायचा आणि घरात शिरताना मनगट खिशात घालायचा. मला सख्खा भाऊ एक आणि हा दुसरा. दुसऱ्यावर माझा जीव जरा जास्तच होता, हे सांगायला मला लाज नाही.

कल्पेशचं लग्न वांगणीच्या जिज्ञासाशी ठरलं, मे महिन्यातल्या शनिवारी. त्याच शनिवारी पोर्तुगालच्या लीगचा शेवटचा दिवस होता. दोन्ही क्लबांचे पॉइंट सारखे आणि कप कुणाचा ते त्या दिवशी ठरणार. बेनफिकाची मॅच ब्रागा शहरात, स्पोर्टिंगची घरच्या मैदानात गिमाराइशच्या टीमशी. दोघांनी महिनाभर सगळ्यांचं डोकं खाल्लं होतं.

शुक्रवारी हळद. आम्हा आगऱ्यांत हळद लागली की नवऱ्याच्या हातात कट्यार देतात, टोकाला लिंबू खोचून. लग्नानंतर हळद उतरवायचा विधी होईपर्यंत कट्यार हातातून सुटायची नाही आणि नवऱ्याने एकट्याने वेशीबाहेर पडायचं नाही. बाहेरची बाधा होते म्हणतात. बाधा मांडवातच खुर्ची टाकून बसलेली असते, हे कुणी सांगत नाही.

गोदूबाई आमची धवलारीण. लग्नातली गाणी तिनेच म्हणायची आणि विधीही तिनेच लावायचे. तिने कल्पेशला बजावलं, "पोरा, काय पन जालं तरी ही हातातना सोरू नको." मग डीजे सुरू झाला. नाचताना कट्यार पडेल म्हणून माझा चुलतभाऊ धर्मेश पुढे आला आणि त्याने ती रुमालाने कल्पेशच्या मुठीला करकचून बांधली. इथवर ठीक. पण थोड्या वेळाने तळलेल्या सुरमईवर पिळायला लिंबू मिळेना, तेव्हा याच धर्मेशने कट्यारीच्या टोकावरचं लिंबू काढून घेतलं. गोदूबाई ओरडली, "मेल्या, बाधेचा हाय तो!" धर्मेश बोटं चाटत म्हणाला, "आजी, आंबट तेवराच लागतंय."

दिवेलागणीला डीजेवाला जेवायला गेला, आणि मांडवात जरा माणसाचा आवाज ऐकू यायला लागला. सम्यक लाल जर्सी घालूनच आला होता. गालाला हळद, हातात मटणाची वाटी.

"कल्प्या, उद्या अंतरपाटाच्या मागे उभा राहशील आणि ध्यान असेल ब्रागात," तो म्हणाला.

"ब्रागात तुमची मॅच, ध्यान तुम्ही ठेवा. आम्हाला काय, गिमाराइशला घरी बोलवायचं, कुटायचं, कप उचलायचा."

"गेल्या शनिवारी आमच्या घरी कुटायलाच आला होतात ना? आल्या आल्या गोल मारला, मग काय झालं? एक-एक. हवा टाईट झाली होती तुमची."

"एक-एक आमच्याच फायद्याचं, येड्या. पॉइंट सेम असले की आपसातल्या मॅच बघतात. डिसेंबरात आम्ही एक-शून्य. विषय खतम."

"विषय उद्या खतम होणार. कप समोर दिसला की घरच्या मैदानात पाय कापतात. तुम्ही ड्रॉ काढणार, आम्ही ब्रागात मारणार. लिहून घे."

"सलग दुसऱ्या वर्षी हिरवा. तू लिहून घे."

दोघे हसत होते. हे मला पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं, दोघेही हसत होते.

धर्मेशला फुटबॉलमधला फ कळत नाही. त्याचं सगळं क्रिकेट, आणि त्या आठवड्यात सीमेवरच्या तणावामुळे आयपीएल बंद. त्यामुळे तो नुसताच पीत बसला होता. तो मध्ये तोंड घालून म्हणाला, "लाल काय नि हिरवा काय, कप घरच्यांचाच. बाहेरच्यांनी टाळ्या वाजवायच्या."

"भाई, तू आधी ऑफसाइड म्हणजे काय ते सांग," सम्यक म्हणाला. "मग बोल."

सगळी पोरं खदखदली. धर्मेशला ते लागलं. उचलली जीभ लावली टाळ्याला, त्याने सम्यकच्या जातीवरून एक शब्द काढला. तो शब्द मी लिहिणार नाही. डीजे बंद होता म्हणून तो मांडवाच्या टोकापर्यंत ऐकू गेला. सगळे गप्प झाले.

आणि त्या शांततेत माझा भाऊ हसला. दारू होती पोटात, हळदीची मस्ती होती, सगळं मान्य. पण हसला.

सम्यकने वाटी फेकली आणि धर्मेशच्या तोंडावर खुर्ची घातली. प्लॅस्टिकची खुर्ची तडकली, धर्मेशचा वरचा ओठ फाटून दात दिसायला लागला. तो खाली पडला तसा सम्यक त्याच्या छातीवर बसला आणि मारत सुटला, एक शब्द न बोलता. आमच्या आळीतल्या पोरांनी मागून सम्यकला लाथा घातल्या, टर्फवरची लाल जर्सीची पोरं त्यांच्यावर धावली. कुणी दारूची बाटली फोडली. कुणाचा तरी कान हातात आला असं मला वाटलं, तो फक्त लोंबत होता. जेवणाची टेबलं आडवी झाली, बायका पोरांना उचलून घरात पळाल्या. माझे वडील, बुधाजी, मध्ये शिरले तर त्यांच्या पाठीत फळी बसली.

कल्पेशने सम्यकला दोन्ही खांद्यांना धरून उठवलं. "बस झालं ना सम्या! जोक होता तो!"

सम्यकने त्याच्या थोबाडीत मारली. हळद लागलेल्या नवऱ्यावर हात उचलायचा नसतो. वांगणीचे पाहुणे बघत होते.

कल्पेशने उलट त्याच्या पोटात गुद्दा हाणला. गुद्दाच, तो आजही हेच म्हणतो. सकाळपासून मुठीला बांधलेली कट्यार, मूठ बधिर झालेली, टोकावर लिंबू नाही. गुद्दा जिथे थांबतो तिथे तो थांबला नाही.

लाल जर्सीवर रक्त दिसत नाही. सम्यक आणखी थोडा वेळ मारामारी करत राहिला, एकाला त्याने ढकललंसुद्धा. मग तो खाली बसला, जणू बुटाची नाडी सुटली होती. मी धावले. जर्सीला हात लावला तर हात कोपरापर्यंत गरम झाला. तेव्हा मी अशी किंचाळले, की सगळी मारामारी जागच्या जागी थांबली.

"ताई," सम्यक म्हणाला, "पोटात काहीतरी गेलं बघ."

जर्सी वर केली तर आतड्याचा तुकडा बाहेर आला होता. मी माझी ओढणी कोंबली आणि दाबून धरली. टर्फवरच्या पोरांनी त्याला टेम्पोत घातलं. कल्पेश टेम्पोकडे धावला. बाबांनी आणि चार जणांनी त्याला मागून मिठी मारून धरलं. तो हातपाय झाडत होता आणि बाबा ओरडत होते, "हलद लागलेला नवरा वेशीच्या भायेर जात नाय! ऐकतंस का!" टेम्पो निघाला तेव्हा मी आतून मागे वळून पाहिलं. त्याने झाडणं थांबवलं होतं आणि तो नुसता उभा होता. त्या थांबण्याचा मला आजही राग येतो.

उल्हासनगरच्या सरकारी दवाखान्यात ऑपरेशन झालं. चांगुणाबाई आल्या, माझे रक्ताचे हात बघितले. त्या रडल्या नाहीत. "राखी बांधत होतीस ना गं?" एवढंच म्हणाल्या. मला वाटलं, त्यांनीही मला कट्यार मारली असती तर बरं झालं असतं.

सकाळी मी घरी कपडे बदलायला आले तर बाबा टाकीच्या नळाखाली कट्यार धूत होते, काथ्याने घासून. त्यांनी ती पुसली, नवं लिंबू खोचलं आणि कल्पेशच्या हातात ठेवली. मग मला बाजूला घेतलं. "स्वप्ने, तुझा ऐकेल सम्यक. सांग त्याला, पडलो म्हनून बोल. नायतर अ‍ॅट्रॉसिटी लागल, लगीन मोरल, पोरगा जन्माचा जेलात सरल." पोराच्या मित्राचं पोट फाटलं होतं आणि बाबांना कलमाची धास्ती. मी म्हणाले, "मी नाही सांगणार. जीव गेला तरी नाही." बाबांनी माझ्या कानाखाली मारली. लग्न झालेल्या मुलीला, हळदीच्या अंगणात.

मी तशीच दवाखान्यात परत गेले. पण कुणी सांगायची गरजच नव्हती. हवालदार जबाब घेऊन गेलाही होता. सम्यकने शुद्धीवर आल्या आल्या सांगितलं होतं, कलिंगड कापत होतो, पाय घसरला, सुरीवर पडलो. डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले, "कलिंगड फारच मोठं होतं." चांगुणाबाई भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या.

सम्यकने मला विचारलं, "कल्प्या आला का?"

"हळद लागली आहे ना. येता येत नाही."

"हो. बरोबर आहे," तो म्हणाला. डोळे मिटले.

त्या दिवशी लग्न लागलं. मी करवली, हातात दिवा घेऊन भावाच्या पाठीमागे उभी. दिसत होती ती त्याची मान, पिवळी, आणि मुठीतली चकचकीत कट्यार. वांगणीकरांनी मारामारी पाहिली होती, कट्यार लागलेली नाही; त्यांना सांगितलं होतं की एक पाहुणा बाटलीच्या काचेवर पडला. अंतरपाट दूर झाला, सगळ्यांनी अक्षता टाकल्या. माझ्या हातातला दिवा विझवून त्याच्या डोक्यात घालावा असं मला वाटत होतं, आणि मी घातला नाही.

रविवारी मीच त्याला ओढत दवाखान्यात नेला. रिक्षात कट्यार हातात नको म्हणून मी ती टॉवेलात गुंडाळून माझ्या पिशवीत ठेवली. तो सम्यकच्या खाटेजवळ स्टुलावर बसला. सम्यकच्या नाकात नळी होती, पोटावर हे एवढं बँडेज. मला वाटलं, आता हा पाय धरेल. रडेल तरी.

"दोन-शून्य," कल्पेश म्हणाला. "आम्ही. तुमचं ब्रागात एक-एक."

"कळलं मला," सम्यक म्हणाला. "सिस्टरने मोबाइल दाखवला."

"सलग दुसऱ्यांदा."

"हं."

मला राहवलं नाही. मी कल्पेशला केस धरून मागे खेचलं आणि मारायला लागले. थोबाडीत, डोक्यात, पाठीत, जिथे हात पोचेल तिथे. "बोल! बोल ना, मी मारलं म्हणून! मी हसलो म्हणून! दोन-शून्य काय सांगतोस?" शेजारच्या खाटेवरचे लोक उठले, सिस्टर धावली. तो मार खात बसून राहिला, हातसुद्धा आडवा घातला नाही.

"ताई, राहू दे," सम्यक म्हणाला. आवाज अगदी बारीक. "मॅचचंच बोलू दे त्याला."

मी थांबले. माझ्या हाताला हळद लागली होती. कल्पेशच्या नाकातून रक्त येत होतं, ते त्याने मनगटाने पुसलं. मग म्हणाला, "सम्या, पुढच्या सीझनला तुम्हीच. आमची टीम फुटणार आता. कप लालच. शंभर टक्के."

इतक्या वर्षांत त्याने असं एकदाही म्हटलं नव्हतं. हीच त्याची माफी होती, दुसरी त्याला येत नव्हती.

सम्यकने त्याच्याकडे पाहिलं. "खोटं बोलू नको, कल्प्या," तो म्हणाला. "एक जण बोलला, तेवढं पुरे."

मग त्याने तोंड आईकडे फिरवलं. चांगुणाबाईंनी चमच्याने त्याच्या ओठाला पाणी लावलं.

कल्पेश उठला. दाराशी येऊन माझ्यासमोर उभा राहिला, लहानपणी काही मोडलं की उभा राहायचा तसा. मी पिशवीतून टॉवेलासकट कट्यार काढली आणि त्याच्या हातात दिली.

"हळद उतरली नाही तुझी," मी म्हणाले. "सोबत ठेव."

त्याने ती घेतली आणि जिना उतरून गेला. खाली उजव्या हाताला फाटक आहे, डाव्या हाताला आवारातलीच पोलीस चौकी. मी खिडकीत जाऊन फाटकाकडे बघत उभी राहिले. माणसं येत होती, जात होती, शहाळ्याची गाडी लागली होती, बाबा रिक्षातून उतरून धावत आत आले. कल्पेश फाटकातून बाहेर पडला नाही.