अठरा फेरे

आमच्या घरात कुठलीही वस्तू पुरती वापरायची पद्धत नाही. साबणाची नवी वडी मी दोऱ्याने कापून दोन करतो आणि मगच न्हाणीघरात ठेवतो. पंखा दोनच्या पुढे जात नाही. चांगले कप पाहुण्यांसाठी आहेत आणि पाहुणे आले की मी बायकोला, कुंदाला, डोळ्यांनी खुणावतो, जुनेच काढ. "यांनी लग्नात मंगलाष्टकंसुद्धा निम्मीच म्हणू दिली असती," असं ती चारचौघांत सांगते. सांगू दे. पालिकेच्या पाणीखात्यात वीस वर्षं काढलेला माणूस नळ पूर्ण उघडत नाही, एवढंच.

ग्रामोफोन आमच्याकडे आला तो मरोळच्या एका ख्रिस्ती म्हातारीकडून. ती मुलाकडे आफ्रिकेला निघाली तेव्हा जाताना हँडलचा ग्रामोफोन आणि तीसेक तबकड्या आमच्या मुलीला, जयंतीला, देऊन गेली. तबकड्या सगळ्या इंग्रजी गाण्यांच्या, जॅझ की काय म्हणतात त्या. पहिल्याच दिवशी, एकही तबकडी वाजायच्या आत, त्याची स्प्रिंग तुटली. दुरुस्त करणारा म्हणाला, "साहेब, ही स्प्रिंग आता मिळत नाही. ही कुठूनतरी बसवलीय, जपून वापरा." झालं. त्या दिवशी मी नियम केला, हँडलचे फेरे अठरा. एकोणिसावा कोणी दिला तर ग्रामोफोन कपाटात जाईल.

जयंती तेव्हा आठ वर्षांची होती. शाळेतून आली की अठरा फेरे मोजून द्यायची आणि पेटीसमोर मांडी घालून बसायची. गाणं छान सुरू व्हायचं. शेवटच्या दोन ओळींना मात्र बाईचा आवाज जड व्हायचा, सावकाश व्हायचा आणि हळूहळू खाली उतरत विझायचा. आम्हाला वाटलं, साहेब लोकांची गाणी अशीच संपत असतील, दमून. मराठी गाणी आमच्याकडे रेडिओवर. ताडून बघायला दुसरं काही नव्हतं. पोरगी त्या तीसच्या तीस तबकड्या तोंडपाठ म्हणू लागली, तीही अगदी तशीच.

सोळाव्या वर्षी ती मरोळच्या चर्चच्या जत्रेत गायली. ठरलेल्या गाणाऱ्या बाईचा घसा बसला होता आणि जयंतीच्या मैत्रिणींनी हिला पुढे ढकललं. तिथे पास्कल मास्तर पियानोवर होते. शहरातल्या हॉटेलांतून तीस वर्षं बँड चालवलेला माणूस. दुसऱ्या दिवशी सकाळी ते आमच्या दारात उभे.

"साहेब, तुमची बेबी शेवट काय करते! माझा पियानो असा खाली नाही येत ना. मी हात उचलून घेतला आणि ती एकटीच उतरत गेली. माझ्या अंगावर काटा आला, खोटं नाही सांगत."

मला काहीच कळलं नाही, पण कुंदाने नवे कप काढले.

पुढचं सगळं मास्तरांनी केलं. एका रेकॉर्ड कंपनीच्या साहेबांना जयंतीचं गाणं ऐकवलं आणि साहेबांनी एकदम लाँग प्लेच ठरवली, दोन बाजूंना पाच-पाच जुनी गाणी. कागदावर पालक म्हणून मी सही केली. अडुसष्ट सालच्या डिसेंबरात दोन रविवार रेकॉर्डिंग ठरलं.

पहिल्या रविवारी पाच गाणी झाली. मी काचेमागे साहेबांशेजारी बसलो होतो. प्रत्येक गाण्याच्या शेवटी मास्तर हात वर करत, सगळी वाद्यं थांबत आणि माझी मुलगी त्या शांततेत एकटीच खाली उतरत जाई. साहेब सिगारेट पेटवायचं विसरले. "कुठे शिकली ही?" त्यांनी मला विचारलं. "घरीच," मी म्हणालो. छाती अशी फुगली होती की कोटाचं बटण तुटेल असं वाटलं.

गुरुवारी मास्तरांनी आम्हा बापलेकीला जेवायला बोलावलं. जेवण झाल्यावर ते म्हणाले, "चल बेबी, तुला मजा देतो," आणि विजेच्या रेकॉर्ड प्लेयरवर एक जुनी तबकडी लावली. आमच्याकडे होती तीच बाई, तेच गाणं. फक्त ती शेवटी खाली आली नाही. उलट शेवटची ओळ तिने वर नेली आणि हसत हसत संपवली.

"मास्तर, तुमचं मशीन बिघडलंय," मी म्हणालो. "जरा जोरात पळतंय."

"विजेवर आहे, साहेब. पळणार कसं? सरळ चालतं."

त्यांनी दुसरी लावली, मग तिसरी. एकही दमून संपली नाही. जयंती भिंतीकडे बघत बसली होती आणि मी तिच्याकडे बघायचं टाळत होतो.

घरात ती माझ्या आधी शिरली. चपला काढल्या, सरळ ग्रामोफोनपाशी गेली आणि मोठ्याने मोजत हँडल फिरवायला लागली. अठरा झाले. एकोणीस म्हणताना तिने माझ्याकडे पाहिलं. मी खुर्चीतून अर्धा उठलो आणि पुन्हा बसलो. छत्तिसाव्या फेऱ्याला हँडल घट्ट झालं. तबकडी सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच वेगात वाजली आणि बाई हसत थांबली. स्प्रिंग तुटली नाही. निदान तुटायला तरी हवी होती.

"बाबा," जयंती म्हणाली, "मग मी आठ वर्षं काय गात होते?"

"माझी कंजुषी," मी म्हणालो. मला विनोद करायचा नव्हता. तीही हसली नाही. कुंदा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. आयुष्यात पहिल्यांदाच तिने मला टोमणा मारायची संधी सोडली.

तो शुक्रवार-शनिवार माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. चूक होती, तर ती ऐकून मास्तरांच्या अंगावर काटा का आला? आणि जर ती चांगली होती, तर चूक कशी? ऑफिसात एका फाइलवर मी दोनदा सही केली. जयंती दिवसभर छत्तीस फेरे देऊन तबकड्या ऐकत होती. कुठल्या तोंडाने नियम सांगणार?

दुसऱ्या रविवारी पहिलंच गाणं ती सरळ गायली. शेवटाला मास्तरांनी हात वर केला, वाद्यं थांबली आणि जयंती वर जाऊन नीट, स्वच्छ संपवून मोकळी झाली.

"बेबी, ते कुठे गेलं?"

"ते चुकीचं होतं, मास्तर."

"कोण बोलला चुकीचं? पुन्हा घे. पहिल्यासारखं कर."

तिने पहिल्यासारखं केलं. आवाज खाली आला खरा, पण कोणी पायऱ्या मोजत जिना उतरावा तसा. तेही तिला कळलं. पाच वेळा झालं, सात वेळा झालं. सॅक्सोफोनवाला खाली मान घालून बसला. सातव्या वेळी जयंतीचे डोळे भरून आले आणि मास्तरांनी चहाची सुट्टी दिली.

मी त्यांना बाहेरच्या व्हरांड्यात गाठून सगळं सांगितलं, स्प्रिंग, अठरा फेरे, कपाटाची धमकी. मास्तर आधी पोट धरून हसले.

"साहेब, मी तीस वर्षं पोरींना शेवट शिकवतो, एकीला नाही आला. आणि तुम्ही हँडल न फिरवता शिकवला!" मग हसणं ओसरलं. "पण तिला हे कळू द्यायचं नव्हतं ना."

"मी कुठे सांगितलं? तुमच्याच घरी ऐकलं तिने."

आम्ही दोघे गार चहा पीत उभे राहिलो. मला त्यांचा राग आला होता, माझा त्याहून जास्त. दुसऱ्या बाजूची पाचही गाणी शेवटी सरळच घेतली.

मार्चमध्ये रेकॉर्ड आली. वेष्टनावर माझी मुलगी, केस मोकळे, खाली इंग्रजीत 'जयंती'. आमच्या ग्रामोफोनवर लाँग प्ले वाजत नाही, म्हणून ऐकायला मास्तरांकडे गेलो. पहिली बाजू लागली आणि जयंती पुढे सरकून ऐकू लागली, लहानपणी पेटीसमोर बसायची तशी. एका गाण्याच्या शेवटाला तिने माझा हात धरला. "बघा, कशी उतरतेय. घाबरत नाही अजिबात." जणू शेजारची कोणी मुलगी गात होती. दुसरी बाजू लावू नका म्हणाली.

एका इंग्रजी पेपरात छापून आलं की पहिल्या बाजूची मुलगी पुन्हा पुन्हा ऐकावीशी वाटते आणि दुसऱ्या बाजूची कुठल्याही हॉटेलात ऐकायला मिळते. मी ते कात्रण लपवलं. जयंतीने ते वाचनालयात आधीच वाचलं होतं.

एप्रिलमध्ये कंपनीचं पाकीट आलं. दुसरी रेकॉर्ड काढायची, दहाही गाणी पहिल्या बाजूसारखी. सोबत कागद, पालकाची सही हवी. मी तो जेवणाच्या टेबलावर पसरला आणि पेन उघडलं. मला सही करायची होती, हे कबूल करतो. वाटलं, मास्तर आहेत, वेळ आहे, सराव केला की येईल परत. तिच्याकडून मी जे काढून घेतलं ते एका सहीने भरून द्यावं, असंही वाटलं. आणि मी ते काढून घेतलं होतं की दिलं होतं, ते मला अजून सांगता येत नाही.

"जमेल ना गं तुला?" मी विचारलं.

जयंती भांडी पुसत होती. हातातलं ताट पुरतं कोरडं होईपर्यंत तिने पुसलं, मग येऊन कागद वाचला. दोनदा वाचला. मग माझ्या हातातलं पेन काढून घेतलं आणि त्याला टोपण लावलं.

"त्यांना लिहा बाबा," ती म्हणाली, "ती मुलगी आता या पत्त्यावर राहत नाही."