देव बोलावून झाल्यावर

मला एका जागी बसवत नाही. नाटकाला गेलो तर पहिल्या घंटेपासून पाय हलत राहतो. गाण्याच्या मैफलीत जरा आलाप लांबला की बाहेरच्या वड्याचा वास यायला लागतो, आणि शेवटच्या प्रवेशात लोक डोळे पुसत असतात तेव्हा मी बाहेर रिक्षा मिळेल का या विवंचनेत असतो. आमची ही होती तेव्हा म्हणायची, तुमच्या पायाला भिंगरी आहे. ती गेली आणि भिंगरी आणखीच जोरात फिरायला लागली. उरणच्या बंदरातली नोकरी संपलेली, मुलगी न्यूझीलंडला, घरात मी आणि टीव्ही. टीव्हीसमोरसुद्धा मी उभाच असतो.

अशा माणसाला आशालताबाईंची सोबत मिळाली हे नवलच. त्या आमच्याच कॉम्प्लेक्समध्ये, बी विंगला राहतात. टेलिफोन खात्यातून निवृत्त, यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली. पनवेलच्या नाट्यगृहात एका रविवारी आमच्या खुर्च्या शेजारीशेजारी आल्या. मी सारखा हलतोय म्हणून त्यांनी पर्समधून आवळासुपारी काढून दिली आणि म्हणाल्या, तोंड चालू ठेवा, पाय थांबेल. पाय काही थांबला नाही, पण तेव्हापासून आम्ही दोघं सगळीकडे जायला लागलो. दिवाळी पहाट, एकांकिका स्पर्धा, वाशीची हस्तकलेची जत्रा, उरणचा कोळी महोत्सव, हल्लीची पोरं माईक हातात धरून शिव्या देत विनोद सांगतात तेसुद्धा. चित्रांचं एक प्रदर्शन बघायचं म्हणून उरणच्या मोरा धक्क्यावरून लाँच पकडून मुंबईला जाऊन आलो. पनवेल म्हणजे काही मुंबई नव्हे, असं कोणी म्हणालं की बाई म्हणायच्या, मुंबईच आता चालत इथवर आली आहे, आपण कशाला दमायचं.

आमच्याबद्दल लिफ्टमध्ये काय बोललं जायचं ते मला ठाऊक आहे. बोलणाऱ्यांची तोंडं कोण धरणार? माझा जीव वेगळ्याच गोष्टीने टांगणीला लागला होता. त्यांचा मुलगा केतन येत्या रविवारी येणार होता आणि त्यांना बंगळूरला घेऊन जाणार होता, कायमचं. तू एकटी राहतेस, गुडघे दुखतात, असं त्याचं म्हणणं. बाई ‘बघू’ म्हणाल्या होत्या आणि त्याने ‘बघू’चा अर्थ ‘हो’ असा घेतला होता. हे त्यांनी मला वड्याच्या गाडीपाशी सांगितलं आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मी म्हणालो, बंगळूरची हवा चांगली असते. गाढव आहे मी, दुसरं काय.

त्यानंतर मी रोज विचारायचं ठरवत होतो. एकदा त्यांच्या दारापर्यंत गेलो आणि पेपर आलाय का विचारून परत आलो. एकदा कर्नाळ्याला पक्षी बघायला नेलं, म्हटलं झाडाखाली निवांत बोलता येईल. तिथे त्या दुर्बिणीला डोळा लावून स्वस्थ बसल्या आणि मी या झाडापासून त्या झाडापर्यंत येरझाऱ्या घालून सगळे पक्षी उडवून लावले. रात्री झोप नाही, दिवसा चैन नाही. एकोणसत्तराव्या वर्षी माणसाचं असं व्हावं याची लाजही वाटत होती.

शेवटी शुक्रवार उजाडला. त्या संध्याकाळी आमच्या कॉम्प्लेक्सचा वार्षिक महोत्सव होता. तो भरवते अनुया. आठवडाभर कंपनीत माणसं कामाला लावते आणि सुट्टीच्या दिवशी आम्हाला. यंदा तिने ठरवलं की इथल्या मातीतलं काहीतरी हवं. आमचे टॉवर ज्या शेतांवर उभे आहेत ती शेजारच्या आगरी गावाची, तेव्हा स्टेजवर आगरी लग्न दाखवायचं. नवरी रेवा, नवरा राजस, दोघंही कॉलेजातली, आमच्याच इमारतीतली. एकमेकांशी धड बोलतही नाहीत, पण दिसायला बरी. आणि धवले गायला गावातली गंगाबाई. आगऱ्यांच्या लग्नात धवले गाऊन देवांना आवतण देते आणि लग्न लावते ती धवलारीण. या गंगाबाईने आसपासच्या किती पिढ्यांची लग्नं लावली असतील कोण जाणे.

मी बाईंच्या शेजारी तिसऱ्या रांगेत बसलो. कार्यक्रम संपायच्या आत विचारायचंच, असा पण केला होता. आधी चेअरमनचं भाषण झालं, नमनाला घडाभर तेल. ते संपताच मी म्हणालो, “आशालताबाई, एक विचारायचं होतं.” तेवढ्यात शाळकरी पोरींचा कोरियन गाण्यावरचा नाच सुरू झाला आणि स्पीकरने माझं पुढचं वाक्य गिळलं. मग जुन्या सिनेमांतल्या गाण्यांची मिसळ. मी पुन्हा तोंड उघडलं, तर त्या म्हणाल्या, हे गाणं ऐकू द्या ना जरा. माझा पाय इतका हलत होता की पुढच्या खुर्चीतल्या गृहस्थांनी दोनदा वळून पाहिलं.

मग गंगाबाई स्टेजवर आली. काटक म्हातारी, नऊवारी लुगडं, माईककडे बघितलंसुद्धा नाही. तिने पाट स्वतःच्या हाताने सरळ केले, नारळ ठेवला, रेवाला आणि राजसला समोरासमोर उभं केलं आणि गायला लागली. गावदेवाला बोलावलं, एकवीरा आईला बोलावलं, खाडीला, डोंगराला, दोन्ही घरच्या गेलेल्या माणसांना बोलावलं. मध्येच रेवाचं नाव येत होतं, राजसचं येत होतं. चाल म्हटली तर एकच, पण ती एकेकाला असं बोलवत होती की मला वाटलं खरंच कोणीतरी येऊन मागे उभं राहतंय. आमची ही आठवली.

आणि रेवा पाटावरून उतरली. तिचा पुढच्या नाचाचा ड्रेस बदलायचा राहिला होता. मुंडावळ्या काढून तिने राजसच्या हातात दिल्या, राजसने त्या टेबलावर ठेवल्या आणि तोही मोबाइल बघत खाली आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

गंगाबाई गायची थांबली. पोरं कुठे गेली, म्हणून तिने विचारलं. अनुया धावत वर गेली आणि समजावू लागली. तेव्हा घोळ काय झाला ते सगळ्यांना कळलं. अनुयाने तिला नवरानवरीची नावं सांगितली होती, वेळ सांगितली होती, जागा सांगितली होती. हे नाटक आहे, एवढं मात्र सांगायचं राहिलं, कारण ते सांगावं लागेल असं तिच्या मनातही आलं नाही. आणि गंगाबाईला शंका यायचं कारण नव्हतं. कॉम्प्लेक्सवाल्यांची लग्नं नाहीतरी स्टेजवर, माईक लावून, टाळ्यांच्या गजरातच होतात.

“मंजे लगीन नाय?” ती म्हणाली. “मी सकालपासून उपाशी हाय. देवांना घरातून उठवून आनलाय. आता त्यांना काय सांगू, गंमत व्हती?”

अनुयाने हात जोडले. चूक झाली म्हणाली, नारळ वाढवू का, उद्या पूजा घालू का म्हणाली. म्हातारी भांडली नाही, ओरडली नाही. स्टेजच्या कडेला पाय सोडून बसली आणि म्हणाली, बोलावलेले देव असे रिकामे पाठवता येत नाहीत, मी एवढ्या वर्षांत कधी पाठवले नाहीत, मी इथेच बसते. ऑर्केस्ट्रावाले वाद्यं घेऊन खोळंबले होते. कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. रेवा रडवेली झाली होती.

मला ते रिकामे पाट बघवेनात. एवढ्या सगळ्यांना बोलावून घेतलं आणि उभं राहायला कोणी नाही. आणि मी इथे खुर्चीत बसून पाय हलवतोय. मी उठलो. बाई म्हणाल्या, “कुठे निघालात? वड्याला?” मी म्हणालो, आलोच.

उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, म्हणतात. माझ्या गुडघ्याला डॉक्टरने दिलेला बेल्ट होता. स्टेजच्या पायऱ्या चढताना तो करकरला. मी राजसच्या पाटावर जाऊन उभा राहिलो. अनुया कुजबुजली, काका, काय करताय. गंगाबाईने मला खालून वर पाहिलं.

“तुजी नवरी कंची?”

“आशालता,” मी म्हणालो. माईक चालू होता हे नंतर लक्षात आलं. मागच्या रांगांपर्यंत नाव गेलं.

“तिला इचारलास?”

“नाही.”

“मंग हितं कशाला चढलास? आदी इचार.”

तिसऱ्या रांगेकडे बघायचं धैर्य होत नव्हतं. तरी बघितलं. बाई मांडीवर पर्स धरून ताठ बसल्या होत्या, चेहऱ्यावरून काही कळेना. सबंध कॉम्प्लेक्स माझ्याकडे बघत होतं आणि मला पहिल्यांदाच पळून जावंसं वाटलं नाही. मी म्हणालो, “आशालताबाई, बंगळूरला जाऊ नका. माझ्याशी लग्न कराल का?”

त्या उठल्या. रांगेतल्या लोकांनी पाय आवरून वाट करून दिली. त्या फाटकाकडे वळतात की इकडे, तेवढ्यात माझा जीव वरखाली झाला. त्या इकडे वळल्या. कठड्याला धरून एकेक पायरी चढल्या, माझ्याकडे न बघता पुढे गेल्या आणि गंगाबाईच्या शेजारी स्टेजच्या कडेला बसल्या.

“गंगाबाई,” त्या म्हणाल्या, “देव रविवारपर्यंत थांबतील का? माझा मुलगा येतोय. त्याच्या माघारी नको करायला.”

गंगाबाईने जरा विचार केला. “देवांचा काय, जेवाया घातला की ऱ्हातान,” ती म्हणाली. मग तिने हनुवटीने माझ्याकडे दाखवलं. “यो थांबल का?”

आता दोघीही माझ्याकडे बघत होत्या.

“थांबेन,” मी म्हणालो. ऑर्केस्ट्रावाले स्टेज रिकामं करा म्हणून खुणा करत होते. मी पाटावरून उतरलो नाही.