टोमण्याची मालकी

सुनेच्या कादंबरीची दुसरी आवृत्ती निघणार असं कळलं, तेव्हा कुठे सासूबाईंनी ती वाचायला घेतली. संध्याकाळी चष्मा काढून त्या म्हणाल्या, "'इतकं सावकाश चिरतेस, भाजीला पुन्हा मूळ फुटेल.' हे माझं वाक्य आहे. नव्या आवृत्तीवर माझंही नाव हवं."

"आई, पात्र काल्पनिक आहे," सून म्हणाली.

"पात्र असेल. जीभ माझी आहे."

नणंद वकील. रविवारी ती जेवायला आली, तेव्हा दोघींनी तिला मध्ये बसवलं.

"आई, नुसतं बोललेलं वाऱ्यावर जातं," ती म्हणाली. "लिहून ठेवलंस किंवा रेकॉर्ड केलंस, तर कायद्यापुढे काही दाखवता येईल."

"म्हणजे इतकी वर्षं मी फुकट तोंड वाजवलं?"

दुसऱ्या दिवसापासून सासूबाई फोन घेऊनच स्वयंपाकघरात येऊ लागल्या. राग आला की आधी बटण दाबायच्या, घसा खाकरून तारीख सांगायच्या, मग टोमणा. तोवर भाजीही निवायची आणि रागही. सून कांदा चिरत राहायची.

पुढच्या रविवारी त्यांनी लेकीसमोर पुरावा वाजवला. फोनमधून आवाज आला : "कौतुक करणार होते, पण घास घशात अडकला."

सुनेच्या हातातला वाढायचा डाव हवेतच थांबला. "आई, हे माझं आहे. पान एक्केचाळीस."

"काहीतरीच! कालच सुचलंय मला."

नणंदेने पुस्तक उघडून पाहिलं. शब्द न् शब्द तोच. "आई, ही तर उघड उघड चोरी. वहिनीने मनात आणलं, तर तुझ्यावरच दावा लावेल."

सासूबाईंचा चेहरा उतरला. "वाचून वाचून तोंडात बसलं गं," त्या हळूच म्हणाल्या. "ती पुस्तकातली बाई माझ्यापेक्षा चांगलं बोलते."

सुनेने पुस्तक मिटून बाजूला ठेवलं. तिने पानं वाढली.

सासूबाईंनी भाजीचा घास घेतला, सावकाश चावला.

"आमच्या सूनबाई पान एक्केचाळीसवर म्हणतात त्याप्रमाणे, कौतुक करणार होते, पण घास घशात अडकला. आणि आता हे माझं : तुझ्या हाताला चव नाही असं कोण म्हणतं? सगळी हातालाच राहते, भाजीत उतरत नाही."

नणंदेला ठसका लागला. सुनेचा डावा हात ताटाशेजारच्या पेनाकडे गेला. सासूबाईंनी पेन उचलून मांडीखाली ठेवलं.

"आधी मुखपृष्ठ."

सुनेने त्याच हाताने प्रकाशकाला फोन लावला.